सावज खाल्लं कुणी?

पुण्याच्या पूर्वेकडच्या माळांवर लांडगे अजून टिकून आहेत. त्यांच्यावर एक माहितीपट झाला आणि त्याच्या आवाजाचं काम माझ्याकडं होतं. त्यात लवळ्याचा भाग अगदी छोटा आहे. मुळशी तालुक्यातल्या या गावात एका ओटीवर दोन म्हातारे बसलेत, समोर भाताची खाचरं आहेत आणि त्यांना एक प्रश्न विचारलाय: लांडगा आणून सोडला तर रानातल्या सावजाचं काय होईल? दोघं एकेक वाक्य बोलतात आणि चित्र पुढं सरकतं. ती वाक्यं मिळेपर्यंत त्या ओटीवर जे भांडण झालं, आणि त्या भांडणाचा माग काढत आम्ही जिथं जिथं गेलो, ते पडद्यावर आलं नाही. ते इथं सांगतो.

लवळंच का, हे आधी सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोत आणून सोडले, तेव्हापासून ‘आता पुढं कोणतं जनावर आणायचं’ ही चर्चा चहाच्या टपरीवरही चालायची. दिग्दर्शकाचं म्हणणं असं की, शिकारी आहेत पण लांडगा नाही अशा गावात हा प्रश्न विचारू. लवळ्यापासून सासवड पन्नासेक किलोमीटर. तिथल्या माळावर लांडगा आहे, इथल्या डोंगरात नाही. आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी हाक्यात बंदूक धरलेली माणसं गावात अजून होती.

डंपर गेला की बोला

एकांना सगळे अण्णा म्हणायचे, दुसऱ्यांना तात्या. दोघं ऐंशीच्या घरातले. तरुणपणी एकाच टोळीत शिकारीला जायचे. अण्णा हाकेकरी, तात्यांकडं घरची ठासणीची बंदूक. दोघांच्या बोलण्यात रान अजून जिवंत होतं. भेकर कुठल्या खिंडीतून निघायचं, चितूर कुठल्या बांधावर ओरडायचा, सशाचा माग दवात कसा दिसतो, हे सांगताना त्यांचे हात आपोआप हलायचे. शिकार झाली की वाटे पडायचे, बंदूकवाल्याचा मान वेगळा, कुत्र्यालाही वाटा मिळायचा. त्यांच्यासाठी शिकार हा गावाचा व्यवहार होता.

कॉलर माईक लावले, कॅमेरा सुरू झाला आणि पहिलाच प्रश्न संपतो न संपतो तोच रस्त्यानं खडी भरलेला डंपर गेला. थांबलो. पुन्हा सुरू केलं. टेकडीवर कुठंतरी ब्रेकर चालू झाला. लवळ्यात ध्वनिमुद्रण करणं किती अवघड आहे हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. गावाच्या डोंगरावर सिंबायोसिसचं आवार आहे, फ्लेम विद्यापीठ याच गावात आहे, आणि सूस, नांदे, बावधनच्या बाजूनं शहर चढत आलंय. दिवसभरात सलग शांतता मिळतच नाही. शेवटी ठरलं की डंपर गेला की बोलायचं, आला की गप्प बसायचं.

त्या गप्प बसण्याच्या वेळातच खरं भांडण झालं. कॅमेरा बंद, पण माझं यंत्र चालूच होतं.

“आणा की लांडगं,” अण्णा म्हणाले, “लई झाली ही डुकरं. इंद्रायणी पोसवली की रातच्याला येत्यात अन् सगळं खाचर लोळवून जात्यात. सुतळी बॉम्ब लावून लावून बोटं भाजली माझी. रानात खाणारा कुणी ऱ्हायला नाही म्हणून ही दशा हाय.”

तात्या उसळले. “आरं, लांडगं तुझी डुकरं खायला येणार हाय व्हय? ते पैलं ससं खाईल, मग भेकराची पाडसं, मग तुझी शेरडं. उरलंसुरलं सावज संपवशील अशानं.”

एका टोळीत शिकार केलेली दोन माणसं एकाच जनावराबद्दल अशी दोन टोकांना होती. अण्णांना लांडगा हवा होता तो शेताचा राखणदार म्हणून. तात्यांना तो नको होता, कारण त्यांच्या लेखी तो वाटेकरी होता. कायद्यानं शिकार बंद होऊन पन्नास वर्षं उलटली, तरी सावजावरचा हक्क माणसाच्या मनातून इतक्या सहजी जात नाही.

अण्णांचं डुक्कर

अण्णांची आशा खरी आहे का, हे तपासायचं आम्ही ठरवलं. लांडगा काय खातो हे कळायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याची विष्ठा. अभ्यासक ती गोळा करतात, चाळणीत धुतात, वाळवतात. मागं राहतात केस, हाडांचे तुकडे, खुरांची टोकं. केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्याच्या आतल्या गाभ्याची आणि बाहेरच्या खवल्यांची ठेवण दिसते. मेंढीची लोकर, शेळीचा केस, काळविटाचा केस, सगळे वेगळे ओळखू येतात. हे काम करणाऱ्या एका मुलीनं आम्हाला स्लाइड दाखवल्या. एकीमागून एक शेळी आणि मेंढी. मध्येच ससा.

दख्खनच्या माळावरचा लांडगा अंगानं लहान असतो, साधारण वीस किलोचा, आणि त्याची टोळीही छोटी. इटलीत लांडगे रानडुकरांवर मोठ्या प्रमाणावर जगतात, पण तिथला लांडगा थोराड असतो. आपल्याकडच्या लांडग्यानं पूर्ण वाढलेल्या, सुळे काढलेल्या डुकराला अंगावर घ्यायचं म्हणजे जिवाशी खेळ. तो पिल्लं उचलेल, पण मुळशीच्या भाताचा प्रश्न त्यानं सुटणार नाही. शिवाय तो मोकळ्या, कोरड्या माळाचा प्राणी आहे. पावसाळ्यात धुक्यानं भरणारा मुळशीचा झाडोरा त्याचा नव्हे.

हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग डुकराचं काय करायचं ते तरी सांगा.” त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी ठरावीक अटींवर वनविभाग देतो, पण रात्री खाचरात बसणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसाला त्या कागदाचा आधार वाटत नाही. जनावर आणून सोडा, ही मागणी पुष्कळदा अशा थकलेल्या माणसाकडून येते. तिच्यामागचा थकवा आपण ऐकला नाही, तर तिचं उत्तरही चुकीचंच देऊ.

तात्यांचं गणित

तात्यांसाठी आम्ही लॅपटॉप घेऊन गेलो. जगात लांडगा आणून सोडण्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची. तिथले लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले होते. जानेवारी १९९५ मध्ये कॅनडातून १४ लांडगे आणले, पुढच्या वर्षी आणखी १७. तिथं एल्क नावाचं सांबरासारखं मोठं हरण आहे आणि उद्यानाबाहेर त्याची परवान्यानं शिकार चालते. उद्यानाच्या उत्तर भागातला एल्कचा कळप लांडगे येण्याआधी १९ हजारांच्या आसपास होता. २०१३ पर्यंत तो चार हजारांच्या खाली आला.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. “म्हटलं नव्हतं?”

तिथल्या अनेक शिकाऱ्यांचंही हेच म्हणणं आहे. शिकारीला पाहुणे नेणाऱ्या वाटाड्यांचा धंदा बसला, त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण त्याच डोंगरात दुसरेही शिकारी आहेत. ते म्हणतात, एल्क आता खऱ्या अर्थानं रानटी झालं, एका जागी गाईसारखं चरत बसत नाही, त्याला शोधायला पाय झिजवावे लागतात आणि शिकार म्हणतात ती हीच. तिसरे लोक आठवण करून देतात की त्याच काळात अस्वलं आणि प्यूमा वाढले, दुष्काळ पडला, १९९६-९७ चा हिवाळा फार कडक गेला आणि माद्या मारायचे परवानेही भरपूर वाटले गेले. सगळी घट एकट्या लांडग्याच्या नावावर मांडता येत नाही. कोलोरॅडो राज्यात तर २०२० साली लांडगा आणायचा की नाही यावर मतदान झालं. ठराव जेमतेम बहुमतानं पास झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉनमधले दहा लांडगे तिथं सोडले. इतक्या साधनांच्या देशात निम्मी माणसं एका बाजूला, निम्मी दुसऱ्या. आमच्या ओटीवरचं भांडण त्यापेक्षा वेगळं नव्हतं.

मग तात्यांना मी दुसरा आकडा सांगितला. यलोस्टोनच्या अभ्यासकांनी मेलेल्या एल्क माद्यांची वयं काढली. लांडग्यांनी मारलेल्या माद्यांचं सरासरी वय १४ वर्षांच्या आसपास भरलं. शिकाऱ्यांनी मारलेल्यांचं साडेसहा. लांडग्यानं विण्याचं वय संपत आलेल्या म्हाताऱ्या माद्या उचलल्या होत्या. बंदुकीनं ऐन विणीतल्या उचलल्या होत्या.

तात्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग अण्णांकडं बघून म्हणाले, “खरं हाय. आपण कदी लंगडं बघून बार काढला न्हाई. जे भरलेलं दिसलं त्याच्यावरच नळी धरली.”

त्या ओटीवर एवढं प्रामाणिक वाक्य दुसरं आलं नाही. लांडग्याला पळवून पळवून कळपातलं मागं पडणारं हेरावं लागतं, कारण त्याच्या हाती दुसरा उपाय नाही. बंदूकवाल्याला निवडीचं स्वातंत्र्य असतं आणि तो उत्तम तेच निवडतो. सावज कुणामुळं कमी होतं हे मोजताना दोघांना एकाच तागडीत घालता येत नाही.

‘गेलाय कुठं?’

पूर्वेकडं गेल्यावर मात्र आमचा प्रश्नच बदलला. सुप्याच्या बाजूला एका धनगराच्या वाड्यावर उतरलो होतो. मेंढरं वाघरीत बसलेली, कुत्री सावध, चुलीवर चहा. दिग्दर्शकानं तोच प्रश्न विचारला, लांडगा परत आणला तर काय? धनगरानं आमच्याकडं नवलानं बघितलं. “परत? गेलाय कुठं? परवाच्या दिशी एक कोकरू नेलं त्यानं.”

बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. लांडगा एवढ्या कुंपणात राहत नाही. तो गायरानं, पडीक माळ, वनखात्याचे तुकडे आणि ज्वारीची शेतं यांतून फिरतो आणि मुख्यतः मेंढपाळाच्या मेंढरांवर जगतो. देशभरात असे सुमारे तीन हजार लांडगे उरलेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे लांडग्याला जगवण्याचा खर्च गेली कित्येक पिढ्या धनगर उचलतोय.

सरकारी भरपाईची सोय आहे. पण मेलेलं जनावर जागेवर असावं लागतं, वर्दी द्यावी लागते, पंचनामा व्हावा लागतो. ज्याचा वाडा दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या शिवारात हलणार, तो कुठवर थांबेल? कोकरू तर लांडगा उचलूनच नेतो, पंचनामा कशाचा करायचा? आम्ही कॅमेरा लावला तेव्हा तो गृहस्थ हे काही बोलला नाही. त्याचं म्हणणं, तक्रार केली की लांडग्याला धरून नेतील, आणि लांडगा नसलेल्या माळावर मेंढरं चारायला त्याला बापजाद्यांनी शिकवलेलं नाही. म्हणाला, “त्याचं पोट हाय, माझं पोट हाय. त्यो त्याचं काम करतो, माझी कुत्री त्यांचं.” हे वाक्य माहितीपटात आहे. त्याच्या आधीची भीती नाही.

पारध्याचा माग

शिकारीची सगळ्यांत खोल समज मला भेटली ती एका फासेपारधी म्हाताऱ्याकडं, कर्जतच्या बाजूला. तिथं पहिला दिवस वाया गेला, कारण आमच्याबरोबर खाकीतला माणूस होता. १८७१ च्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या कपाळावरचा तो शिक्का १९५२ मध्ये कायद्यानं पुसला गेला, पण खाकी दिसली की घरातला माणूस आजही मागच्या दारानं निघून जातो. दुसऱ्या दिवशी आम्ही एकटे गेलो. कॅमेरा पिशवीतच ठेवला. माझं यंत्र मी त्यांना हातात घेऊन बघायला दिलं, स्वतःचाच आवाज ऐकून ते खुलले आणि मग बोलले.

तितराला, लाव्याला, सशाला, हरणाला प्रत्येकाला फास वेगळा. दोरीचा पीळ वेगळा, खुंटी वेगळी, जागा वेगळी. आणि जागा कशी हेरायची? “लांडग्याचा माग काढायचा. त्यो जितं फिरतो तितं हरीण असतंच. त्यो न्हाई तर काय न्हाई.” तात्यांना जो वाटेकरी वाटत होता, तो या माणसाला वाटाड्या वाटत होता. मी विचारलं, लांडग्यानं हरणं संपवली नाहीत? त्यांचा प्रतिप्रश्न मला आजही निरुत्तर करतो. लांडगा आणि हरीण माणसाच्या आधीपासून एका माळावर आहेत, संपवायचंच असतं तर आमच्या आज्यापणज्यासाठी त्यानं काय शिल्लक ठेवलं असतं?

त्यांच्या घरापासून जवळच रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, स्थापना १९८०. माणसाचा हात आखडला आणि मूठभर उरलेली काळविटं शेकड्यांनी वाढली. सोलापूरजवळच्या नान्नजलाही तेच झालं. माळढोकासाठी राखलेल्या त्या माळावर लांडगे होते, त्यांच्यावर अभ्यासही झाला, आणि लांडगे असतानाच काळविटं इतकी वाढली की ज्वारीच्या नुकसानीची ओरड सुरू झाली. माळढोक मात्र तिथून जवळजवळ नाहीसा झाला. त्याला माळ मोठा लागतो, आणि आजूबाजूचा माळ नांगराखाली गेला होता.

त्या म्हाताऱ्याला कायद्याबद्दल राग नव्हता. फास बंद झाला, त्याऐवजी दुसरं काय करायचं हे कुणी शिकवलं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. रानाचं इतकं बारीक ज्ञान असलेल्या माणसांना आपण वनरक्षणाच्या कामात सन्मानानं घेतलं नाही, याची मला आजही खंत वाटते.

एडिटच्या टेबलावर

सगळं ध्वनिमुद्रण घेऊन बसलो तेव्हा एक पेच आला. लवळ्याच्या प्रत्येक टेकमागं डंपरची घरघर होती. आमच्या कामात असा आवाज काढून टाकतात. पण त्याच टेकमध्ये तात्या म्हणत होते की शेवटचं भेकर त्यांनी कधी बघितलं ते आता आठवतही नाही. त्या डोंगरात लांडगा नव्हता. बंदुकाही बंद झाल्या होत्या. तरी सावज उरलं नाही. त्याचं कारण मागं घरघरत होतं, आणि ते काढून टाकायला मी तयार नव्हतो. बरीच वादावादी झाली, पण शेवटी तो आवाज ठेवला.

त्या टेबलावर शिकाऱ्यांची सगळी मतं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा माझं मत पक्कं झालं. अण्णा, तात्या, धनगर, पारधी हे लांडग्याबद्दल भांडत होते, पण जमिनीबद्दल चौघांचंही एकच म्हणणं होतं. चरण संपलं, झुडूप संपलं, लपायला जागा उरली नाही. दुसरं एकमत झालं ते मोकाट कुत्र्यांवर. ससा असो की चिंकारा, कुत्र्यांची टोळी त्याला पळवून मारते. लांडग्यालाही त्यांच्यापासूनच धोका आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग पुण्याजवळच्या लांडग्यांत आढळलाय, आणि लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय.

एके काळी याच देशात लांडगा मारला की सरकार इनाम द्यायचं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाखांहून अधिक लांडगे इनामासाठी मारले गेले. ते सोसूनही लांडगा उरला. माळच उरला नाही, तर मात्र तो उरणार नाही. आपल्या सरकारी नकाशांत गवताळ माळ आजही पुष्कळदा पडीक जमीन म्हणून नोंदला जातो, आणि पडीक म्हटलं की तिथं झाडं लावा, कारखाना काढा, सौर पट्ट्या बसवा, सगळंच चालतं.

जिथं जनावर खरोखरच संपलंय किंवा संपत आलंय तिथं ते आणून सोडावं लागतं हे मला मान्य आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याची वाघीण आणली. पण त्याआधी सागरेश्वरची चितळं तिथं नेऊन सोडली होती. आधी सावज, मग शिकारी, हा क्रम तिथं पाळला गेला. लांडग्याच्या बाबतीत तर एवढंही लागत नाही. फ्रान्समध्ये लांडगा संपला होता. १९९२ मध्ये तो इटलीतून स्वतःच्या पायांनी आला, कुणी आणला नाही. वाट मोकळी असली की लांडगा चालतो.

म्हणून माझ्या लेखी लांडगा आणायचा का, हा प्रश्न पुणे जिल्ह्यात आज अस्थानी आहे. तो इथं आहे, आणि त्याला ठेवायला तीन गोष्टी कराव्या लागतील. सासवड, बारामती, इंदापूरचे माळ कागदावर माळ म्हणूनच नोंदवायला हवेत. भरपाईचा पंचनामा मेंढपाळाचा वाडा हलायच्या आत व्हायला हवा. माळाकडेच्या गावांतली कुत्री लस टोचून, नसबंदी करून आटोक्यात आणायला हवीत. यातलं काहीही परदेशातून मागवावं लागत नाही. आणि मुळशीत अण्णांच्या खाचराला राखण द्यायची, तर ती जबाबदारी लांडग्यावर ढकलू नये. ती माणसांनीच घ्यायला हवी.